वेचलेले दगड भरले की गाडी चढावर मान टाकते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते

आधी लक्षणं नेमकी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीशी जुळतात का ते बघता येईल. डिझेल पिकअप आहे, मागे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), वयाने जुनी पण सांभाळलेली. रिकामी असताना कुठेही न्या, तक्रार नाही. हौद्यात दगड भरून चढाला लागलो की दोन-अडीच किलोमीटरनंतर ओढ कमी होते. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग उतरतच जातो. मग दोन-चार आचके येतात आणि इंजिन बंद. लगेच चावी मारली तर स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. वीस-तीस मिनिटं नुसतं बसून राहिलं की पहिल्या चावीला सुरू. पुढे अडीच किलोमीटर, आणि पुन्हा तेच.

मी शेतातले आणि ओढ्याकाठचे सुटे दगड वेचून त्यांच्या कोरड्या भिंती रचतो, म्हणजे सिमेंट-चुना काही नाही, दगडावर दगड. त्यामुळे खेपा सतत चालू असतात. खरं कारण सापडेपर्यंत हा प्रकार माझ्यासोबत पाच वेळा झाला. पहिल्या चार वेळा मी चुकीच्या जागी शोधत होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

बंद पडल्या क्षणी काय करायचं

इंजिन बंद झालं की ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही जाते, हे भरल्या गाडीत फार लवकर कळतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्युमवर एक-दोन दाब नीट मिळतात, त्यानंतर पेडल दगडासारखं घट्ट होतं. म्हणून पेडल पंप करत बसू नका. एकदाच दाबून धरा, गाडी कडेला घ्या, हॅण्डब्रेक ओढा. चढावर तोंड वर असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा. मग खाली उतरून मागच्या दोन्ही चाकांच्या मागे, उताराच्या बाजूने, दगड लावा. दगडांची आपल्याकडे टंचाई नसतेच. निघताना मात्र ते उचलून परत हौद्यात टाका. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात तुमचा दगड दिसणार नाही. त्रिकोण लावा, चारही दिवे चालू करा.

आणि भरलेली गाडी जॅकवर चढवून खाली डोकं घालू नका. काहीही झालं तरी नाही. खाली जायचंच असेल तर आधी दगड उतरवा.

मी कुठे चुकलो

थांबलं की सुरू होतं, म्हणजे थंड झालं की सुरू होतं, म्हणजे गाडी तापते. मी असाच विचार केला आणि मिस्त्रीनेही मान डोलावली. काट्याकडे बघितलं तर तो नेहमीपेक्षा जरासा वर होता, पण लाल पट्टीपासून लांब. भरल्या गाडीचा काटा चढावर थोडा वर जाणारच. मला मात्र त्यात पुरावा दिसला.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बदलला. जुना काढून पातेल्यात पाणी तापवून बघितला होता, ८२ अंशांच्या आसपास नीट उघडत होता, तरी बदलला. कूलंट बदलला. रेडिएटर आतून धुतला, बाहेरच्या जाळीत बसलेली धूळ इंजिनच्या बाजूने पाणी मारून पुढे काढली. वॉटर पंपाला थोडा खेळ होता, तोही नवा टाकला. प्रत्येक कामानंतर एक-दोन खेपा सुरळीत गेल्या आणि मला वाटलं, सापडलं. तिसऱ्या खेपेला पुन्हा त्याच वळणावर.

मग रोख इंधनाकडे वळवला. डिझेल फिल्टर बदलला. दोन खेपा छान, तिसऱ्याला बंद. फिल्टर भेसळीचा असेल म्हणून दुसरा आणून टाकला. पुन्हा दोन खेपा छान!

हे 'दोन खेपा छान' प्रकरणच खरं म्हणजे उत्तर होतं, पण ते मला उलटं दिसत होतं. मी समजत होतो की नवा भाग काही काळ काम करतो आणि मग बिघडतो. प्रत्यक्षात प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी टाकीत डिझेल कमी असायचं, कारण गाडी दुरुस्तीला टाकताना मी मुद्दाम टाकी भरत नसे. दोन खेपा झाल्या की विश्वास बसायचा, मी टाकी काठोकाठ भरायचो आणि पुढच्या खेपेला गाडी झोपायची.

पाचव्या वेळी बंद पडल्यावर वैतागून, डिझेल तरी आहे ना बघू, म्हणून टाकीचं झाकण फिरवलं. 'सुस्स' करून लांब आवाज आला, हवा आत ओढली जाण्याचा. झाकण पुन्हा लावलं, चावी मारली, दोन-तीन प्रयत्नांत गाडी सुरू! अर्धा तास नाही, दोन मिनिटंसुद्धा थांबलो नव्हतो. इंजिन तितकंच तापलेलं होतं.

झाकणाचा आणि दगडांचा संबंध काय

इंजिन टाकीतून डिझेल ओढतं, तेवढी जागा भरायला बाहेरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र किंवा छोटा व्हॉल्व्ह असतो. काही गाड्यांत टाकीच्या वरून वेगळी नळी काढलेली असते. ती वाट बुजली की टाकीत निर्वात तयार होतो. डिझेल पेट्रोलसारखं सहज उडत नाही, त्यामुळे त्याची वाफही ती जागा भरून काढत नाही. शेवटी पंप डिझेल ओढतो आणि टाकी ते मागे ओढते, अशी रस्सीखेच सुरू होते.

आता दगडांचा भाग. वेचलेल्या दगडाला माती असते, आणि हौद्यात टाकताना जी धूळ उडते ती सगळी खाली, मागच्या चाकाजवळ जाते. माझ्या गाडीत झाकण बरोबर तिथेच आहे. त्या धुळीत डिझेलचा एक ओघळ मिसळला की छिद्रावर काळा चिकट लेप बसतो. माझं छिद्र पूर्ण बुजलेलं नव्हतं, हीच खरी फसवणूक होती. हवा आत जात होती, पण अगदी सावकाश.

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर डिझेल थोडं थोडं पिते, तेव्हा ही सावकाश येणारी हवा पुरत असे. भरली गाडी चढाला लागली की हिशोब मोडतो. माझ्या अंदाजाने तिथे इंजिन तासाला १०-१२ लिटरच्या घरात डिझेल घेतं. तीसच्या वेगाने अडीच किलोमीटर जायला पाच मिनिटं लागतात, म्हणजे साधारण एक लिटर. आणि गाडी नेमकी तेवढ्या अंतरावर बंद पडत होती.

एका लिटरने एवढं काय बिघडतं? टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि वर समजा १० लिटर हवेची जागा असेल, तर एक लिटर डिझेल गेल्यावर तीच हवा ११ लिटरमध्ये पसरते. दाब सुमारे ९ टक्के उतरतो. पंपाच्या दृष्टीने हे टाकी आणखी एक मीटरभर खाली नेऊन ठेवल्यासारखं आहे. त्याच टाकीत डिझेल कमी असेल आणि वर ४० लिटर हवा असेल, तर दाब जेमतेम अडीच टक्के उतरतो आणि पंपाला त्याचं काही वाटत नाही. म्हणून टाकी फुल्ल असताना गाडी लवकर बंद पडते आणि अर्धी असताना चालत राहते. ऐकायला उलटं वाटतं, पण तुमच्या गाडीत असा नमुना दिसत असेल तर आणखी काही उघडण्याआधी झाकण बघा.

अर्धा तास थांबल्यावर इंजिन थंड होतं हे खरंच. पण त्याच अर्ध्या तासात त्या बुजलेल्या छिद्रातून हवाही आत झिरपते. दोन्ही गोष्टी एकदमच होतात, म्हणून गैरसमज होतो.

उपाय, आणि त्यातही मी केलेली एक चूक

झाकण काढून डिझेलमध्ये भिजवलं, मऊ ब्रशने घासलं आणि आतल्या बाजूने हवेचा झोत मारला. झोत बाहेरून मारू नका, घाण व्हॉल्व्हमध्ये आणखी आत जाते. त्या संध्याकाळी मुद्दाम टाकी फुल्ल करून, दगड भरून, तोच चढ चढलो. वर पोचलो.

मग वाटलं, जुनं झाकण कशाला ठेवायचं, नवं कुलूपवालं आणू. आटे बरोबर बसले, रबरी वॉशर नवा, दिसायलाही छान. पुढच्याच खेपेला गाडी त्याच वळणावर उभी. ते झाकण बंद जातीचं होतं, छिद्रच नाही! ज्या गाडीत हवा यायला टाकीवर वेगळी नळी असते, तिला तसं झाकण चालतं. माझ्या गाडीत झाकण हाच एकमेव रस्ता. तेव्हा आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे ते आधी बघा आणि त्याच जातीचं झाकण घ्या. घेताना आतली बाजू पुसून तोंड लावून हलकेच फुंकून किंवा ओढून बघितलं तर हवेला वाट आहे की नाही ते कळतं. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

काही जण झाकणाला ड्रिलने भोक पाडायला सांगतात. नको. फुल्ल टाकी चढावर तिरकी झाली की त्या भोकातून डिझेल सांडतं, आणि पावसाचं पाणी आणि धूळ आत जाते ती वेगळीच. खात्री करायची असेल तर टाकी अर्धी असताना, सपाट रस्त्यावर, झाकण सैल ठेवून थोडं अंतर चालवून बघा, एवढंच पुरे.

नव्याने त्रास होऊ नये म्हणून आता दगड भरायच्या आधी झाकणावरून ओलं फडकं गुंडाळतो आणि निघताना न विसरता काढतो. कोरडी माती असेल तर ढिगावर आधी थोडं पाणी मारतो. दर पंधरा-वीस खेपांनंतर झाकण धुतो.

झाकण उघडल्यावर आवाज आला नाही तर

मग ही गोष्ट तुमची नाही, आणि धुराकडे बघायचं. ओढ कमी होताना मागून काळा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, हवा पुरत नाही. एअर फिल्टर धुळीने गच्च झालाय किंवा टर्बोचा होज सुटला-फाटला आहे. होजचं असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर फुसफुस ऐकू येते. होजचा क्लॅम्प तर पाच मिनिटांचं काम. धूर न येता ओढ विझत जात असेल तर डिझेल कमी पडतंय: फिल्टर, टाकीतल्या सक्शनच्या तोंडाची जाळी, किंवा कुठूनतरी नळीत हवा शिरतेय. टाकीत कचरा असेल तर तो ओढला जाऊन जाळीवर बसतो आणि इंजिन बंद झालं की खाली पडतो. म्हणजे थांबलं की सुरू होण्याचं नाटक तोही करतो. हवा शिरतेय का ते बघायला जुन्या मिस्त्र्यांची एक युक्ती चांगली आहे: फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता बसवायचा. बुडबुडे दिसले की टाकीपासून तिथपर्यंतचा एखादा जोड सैल आहे.

हे सगळं कमी दाबाच्या बाजूचं बोलतोय. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) पंपाच्या पुढच्या लोखंडी नळ्या इंजिन चालू असताना सैल करायच्या नाहीत. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

काटा खरोखरच लाल पट्टीत जात असेल तर तुमची गाडी तापतेय, आणि मी जे फुकट केलं ते तुम्हाला उपयोगी पडेल. पट्टा, पंख्याचा क्लच, रेडिएटरची जाळी, थर्मोस्टॅट, या क्रमाने बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही, आणि झाकण सैल झालं की एकदम उकळून अंगावर येतं.

इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट. त्याला थांबून काही उपयोग नाही. फक्त प्लेट थंड होते, तेवढ्यापुरती पकडते आणि पुढच्या चढाला आणखी घासते.

दगडाचं वजन डोळ्यांना कळत नाही

झाकण सापडल्यावर प्रश्न संपला असं मी घरी जाहीर केलं होतं. पण दोन आठवड्यांनी मागच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट, म्हणजे पाटे एकत्र धरून आसाला जागेवर ठेवणारा बोल्ट, तुटला. मागचा आस एका बाजूने बोटभर सरकला आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. त्याचं खापर कुठल्या छिद्रावर फोडता येत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मी वजनाचा हिशोब केला.

काळा बेसाल्ट घनमीटरला २.८ ते ३ टन भरतो, ग्रॅनाइट २.६ ते २.७. ढिगात दगडांमध्ये एक तृतीयांश किंवा त्याहून थोडी जास्त पोकळी राहते, म्हणून बेसाल्टच्या सुट्या ढिगाचं वजन घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास येतं. माझा हौदा अडीच मीटर लांब, १.७ मीटर रुंद. कागदावर एक टन माल चालतो. तर एक टन बेसाल्ट या हौद्यात पसरला की थर होतो १३-१४ सेंटीमीटरचा. वीतभरसुद्धा नाही! मी फाळक्याच्या अर्ध्यापर्यंत भरून 'आज कमीच आहे' म्हणत होतो. शिवाय त्या एक टनात माणसं, स्टेपनीखेरीज बरोबर घेतलेली हत्यारं, पहारी, सगळं धरायचं असतं.

वजनकाटा जवळ नसेल तर बादली वापरा. २० लिटरची बादली आपल्या दगडांनी भरून घरच्या काट्यावर एकदा तोला. माझी ३२ किलोच्या आसपास भरते. म्हणजे तीस बादल्यांतच जवळजवळ एक टन होतो, तेव्हा माणसं आणि हत्यारं धरून त्याच्या बरंच आधी हात थांबवायचा. मोठे धोंडे बादलीत मावत नाहीत, त्यांच्यासाठी लांबी, रुंदी, उंची फुटपट्टीने मोजून गुणाकार करा आणि कोपरे गोल असतात म्हणून तिसरा हिस्सा वजा करा, मग उरलेल्या घनमीटरला वर दिलेल्या अखंड दगडाच्या वजनाने गुणा. अंदाज चुकला तरी 'डोळ्याने बघून' पेक्षा बरा येतो.

कुठे ठेवता यालाही तेवढंच महत्त्व आहे. धोंडे उचलायला सोपे म्हणून मी ते फाळक्याजवळच सोडत होतो. मागच्या आसाच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं पुढची चाकं उचलतं. स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. मोठे धोंडे आसाच्या किंचित पुढे, तळाला. बारीक दगड त्यांच्याभोवती. आणि दगड वरून फेकू नका, खाली सोडा. मागे जोडचाकं असतील तर निघण्यापूर्वी दोन टायरांच्या फटीत एखादा दगड अडकलाय का ते वाकून बघा, तो आतल्या आत दोन्ही टायर कापतो.

उताराबद्दल एकच: चढताना ज्या गिअरची गरज पडली, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत पेडल असतं पण ब्रेक नसतो.

नवा सेंटर बोल्ट बसवल्यावर यू-बोल्ट (पाटे आसाला आवळून धरणारे) दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घेतले, ते सैल पडलेच होते. आता एका खेपेऐवजी दोन करतो. त्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जातो, काटा मधल्या रेघेवर राहतो. डिझेल भरायला झाकण फिरवताना मात्र अजूनही क्षणभर कान लावतो.